३,३५,५०,३३६: पाचव्या परिपूर्ण संख्येचं स्वतःचं असं काय?

हिशेबनीस (धागाकर्ता)

६, २८, ४९६ आणि ८१२८ ही चौकडी इथल्या बऱ्याच जणांच्या ओळखीची असेल. स्वतःला सोडून बाकी सगळे विभाजक मिळवले की बेरीज पुन्हा तीच संख्या येते, म्हणून त्या परिपूर्ण. बेरीज कमी पडली तर संख्या न्यून, वर गेली तर अधिक. चौकडीनंतरची पाचवी म्हणजे तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. तिच्याबद्दल मात्र 'हीसुद्धा परिपूर्ण आहे' यापलीकडे फारसं कुणी बोलत नाही.

तिचे मूळ अवयव पाडले की ३३५५०३३६ = २^१२ × ८१९१, आणि ८१९१ म्हणजे २^१३ − १. विभाजक एकूण २६. त्यातले तेरा म्हणजे १, २, ४ पासून ४०९६ पर्यंतचे दोनाचे घात. त्यांची बेरीज ८१९१. उरलेले तेरा म्हणजे याच तेरांची ८१९१ पट. त्यातला शेवटचा, म्हणजे संख्या स्वतः, वगळला की बारांची बेरीज ८१९१ × ४०९५ = ३,३५,४२,१४५. तिच्यात ८१९१ मिळवा, ३,३५,५०,३३६ हजर.

संख्यांच्या याद्यांमध्ये हिच्या नावापुढे बरीच बिरुदं लागलेली दिसतात. ही त्रिकोणी संख्या आहे, १ ते ८१९१ यांची बेरीज. पहिल्या ६४ विषम संख्यांच्या घनांची, म्हणजे १^३ + ३^३ + … + १२७^३ ची बेरीजही हीच. द्विमान पद्धतीत लिहिली तर तेरा एक आणि त्यांच्यामागे बारा शून्यं. दशमान पद्धतीत अंकांची बेरीज २८, म्हणजे पुन्हा एक परिपूर्ण संख्या! विभाजकांचा हरात्मक मध्य नेमका १३.

माझा प्रश्न असा, की यातले घराण्याकडून आलेले गुण कोणते आणि हिचे स्वतःचे कोणते? सम परिपूर्ण संख्या झाडून सगळ्या २^(प−१) × (२^प − १) अशाच असतात, त्यात २^प − १ मूळ; इथे प = १३. मग जे गुण या साच्यातूनच निघतात ते सहाव्या, सातव्या संख्येतही असणार. तेवढे वजा केल्यावर काय उरतं?

---

निवांत

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचून लिहीन.

---

शून्यबाकी

मस्त प्रश्न. आधी इतिहासाचं थोडं सांगतो, कारण ही संख्या मुळातच नियम मोडायला आलेली आहे.

निकोमाकस हा इसवी सन १०० च्या आसपासचा ग्रीक लेखक. त्याच्याकडे पहिल्या चारच संख्या होत्या. त्यांवरून त्याने ठोकून दिलं की पहिली एक अंकी, दुसरी दोन अंकी, तिसरी तीन अंकी, चौथी चार अंकी, तेव्हा पुढेही असंच; आणि शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८. पाचवी निघाली थेट आठ अंकी. पाच, सहा, सात अंकांत परिपूर्ण संख्या एकही नाही. आळीपाळीचं म्हणाल तर पाचवी ६ वर संपते, आणि सहावी ८,५८,९८,६९,०५६ हीसुद्धा ६ वरच. पहिल्या भाकिताचा निकाल पाचवीने लावला, दुसऱ्याचा तिने आणि सहावीने मिळून.

ही संख्या अरबी परंपरेत युरोपच्या आधी माहीत होती. इब्न फल्लूस (११९४–१२३९) याने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली, तिच्यातल्या पहिल्या सात बरोबर आहेत. युरोपात ती १५ व्या शतकातल्या एका हस्तलिखितात सापडते. ते कुणी लिहिलं ते अज्ञात.

---

बेरीजवाला

अंकांची बेरीज २८ हे तर स्वतःचंच म्हणायला हवं ना? ४९६ ची १९, ८१२८ ची १९, सहावीची ६४, सातवीची ५५. परिपूर्ण बेरीज फक्त ६ ची आणि हिची!

---

अवयवी

@बेरीजवाला, अर्धं घराण्याचं आणि अर्धं योगायोगाचं. तुम्ही दिलेल्या बेरजाच पाहा: १९, १९, २८, ६४, ५५. प्रत्येकीला ९ ने भागल्यावर बाकी १. हे ६ सोडून प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला लागू आहे, आणि सिद्धता दोन ओळींची.

प विषम असला की २^(प−१) हा ४ चा घात होतो. ४ च्या कुठल्याही घाताला ३ ने भागलं की बाकी १, म्हणून तो ३म + १ असा लिहू. मग आपली संख्या (३म + १)(६म + १) = १८म² + ९म + १. पहिली दोन पदं ९ च्या पटीत, उरला १.

म्हणजे अंकांची बेरीज १, १०, १९, २८, ३७ अशीच कुठलीतरी येणार होती. त्यातली नेमकी २८ आली ही दशमान पद्धतीची मेहेरबानी. आपण बाराच्या पायात मोजत असतो तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

बेरजेवरून आठवलं, कापरेकरांच्या हर्षद संख्यांमध्येही (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या) ही बसत नाही. २८ ने निःशेष भाग जायला ७ ने जायला हवा, आणि ८१९१ = ७ × ११७० + १. एकाने हुकली!

---

तिरपागडा

धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: काहीही उरत नाही. ठोकळा एकच, त्यात १३ घातला की ही संख्या बाहेर पडते. बाकी सगळी सजावट.

---

अवयवी

सजावट म्हणताय, तर ती कुठल्या बेताची आहे तेही बघू. साचा तोच ठेवून १३ ऐवजी ११ घाला. २^१० × (२^११ − १) = १०२४ × २०४७ = २०,९६,१२८. हा आपला तोतया. आता भाऊसाहेबांची, म्हणजे अस्सल संख्येची, एकेक खूण तपासू.

त्रिकोणी? हो, १ ते २०४७ ची बेरीज. विषम घनांची बेरीज? हो, पहिल्या ३२ विषम संख्यांच्या घनांची. कारण पहिल्या म विषम घनांची बेरीज म²(२म² − १) असते; तिथे म = ३२ घातला की तोतया मिळतो आणि म = ६४ घातला की अस्सल. द्विमान पद्धतीत अकरा एक, मागे दहा शून्यं. ९ ने भागून बाकी १. आणि अंकांची बेरीज: २+०+९+६+१+२+८ = २८!

सगळ्या खुणा पटल्या, तरी हा परिपूर्ण नाही. कारण २०४७ मूळ संख्या नाही, ती २३ × ८९ आहे. या दोन अवयवांमुळे विभाजक २२ च्या जागी ४४ होतात. स्वतःला सोडून त्यांची बेरीज २३,२५,३९२, म्हणजे संख्येपेक्षा २,२९,२६४ ने जास्त. तोतया अधिक संख्या निघाला.

तात्पर्य: त्रिकोणी असणं, घनांची बेरीज, द्विमान नक्षी, नवाची बाकी यांचा परिपूर्णतेशी संबंधच नाही. हे गुण नुसत्या साच्याचे आहेत. २^प − १ मूळ असो नसो, प विषम असला की मिळतात.

---

बेरीजवाला

तोतयाची बेरीजही २८!! हे बघून माझ्या योगायोगाची हवाच गेली. :)

---

हिशेबनीस

तोतया फार आवडला. मग आता तीन थर झाले म्हणायचे: साच्याचे गुण, परिपूर्णतेचे गुण आणि खास हिचे गुण. दुसऱ्या थरात हरात्मक मध्य बसतो का?

---

अवयवी

बसतो. विभाजकांचा हरात्मक मध्य = संख्या × विभाजकांची संख्या ÷ सगळ्या विभाजकांची बेरीज. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येच्या दुप्पट असते, म्हणून उत्तर विभाजकांच्या संख्येच्या निम्मं. २६ चे निम्मे १३. सम परिपूर्ण संख्येत ते नेहमी प इतकंच येतं. तोतयाला लावून बघा: ४५०५६ ÷ २१६०, म्हणजे २०.८५ च्या पुढे काहीतरी, पूर्णांक नाही. इथे तोतया उघडा पडतो.

त्याच थरात आणखी एक: ३३५५०३३६ ची २ पट, ३ पट, कुठलीही पट घ्या, ती अधिक संख्याच असणार. उलट हिचा स्वतःहून लहान कुठलाही विभाजक न्यूनच असणार.

---

रात्रपाळी

चार वर्गांचं कुणी बोललं नाही अजून. दोन वर्गांची बेरीज म्हणून ही लिहिता येत नाही, तीन वर्गांचीही नाही, चार लागतातच. लेजांद्रने १७९८ मध्ये दिलेल्या नियमानुसार ४^अ × (८ब + ७) या रूपातल्या संख्यांना तीन वर्ग पुरत नाहीत. आपली संख्या ४^६ × ८१९१, आणि ८१९१ ला ८ ने भागून बाकी ७. अडकली.

चार वर्ग हे घ्या:
८१९१ = ९०² + ९² + ३² + १²
प्रत्येकाला ६४ ने गुणलं की
३३५५०३३६ = ५७६०² + ५७६² + १९२² + ६४²

(तोतयालाही चारच लागतात, म्हणजे हा पहिल्या थरातला गुण. ६ मात्र सुटते: ४ + १ + १. घराण्यातली सगळ्यात धाकटी, तिचे लाड वेगळे.)

---

नवखी

एक बाळबोध प्रश्न. ८१९१ मूळ आहे हे जुन्या लोकांनी कसं तपासलं असेल? ९० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून?

---

शून्यबाकी

@नवखी, बाळबोध कसला, कळीचा प्रश्न आहे. अगदी जुन्यांना तसंच करावं लागलं असणार; ८१९१ चं वर्गमूळ ९०.५ च्या आसपास येतं, म्हणजे २ पासून ८९ पर्यंत चोवीस मूळ संख्या. पण १७ व्या शतकात फर्माने काम हलकं केलं. प विषम मूळ संख्या असेल तर २^प − १ चा प्रत्येक मूळ अवयव २प च्या पटीपेक्षा एकाने जास्त असतो. इथे २प = २६. ९० च्या आत असे उमेदवार तीनच: २७, ५३, ७९. त्यात २७ मूळ नाही. शिवाय अशा अवयवाला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च यावी लागते. ५३ ची येते ५, तोही बाद. उरला एकटा ७९.

८१९१ = ७९ × १०३ + ५४. भाग जात नाही. झालं काम, एका भागाकारात.

तोतयाला हीच चाळणी लावली तर २प = २२, पहिलाच उमेदवार २३, आणि तिथेच भाग जातो. १५३६ मध्ये हुडालरिकस रेगियस याने २०४७ = २३ × ८९ हे छापून दाखवलं, तोपर्यंत 'प मूळ म्हणजे २^प − १ मूळ' अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

---

तिरपागडा

सगळ्या सम परिपूर्ण संख्या या साच्यातल्याच, हे ठीक. विषमांचं काय? ८१२८ आणि ३३५५०३३६ यांच्यामध्ये एखादी विषम परिपूर्ण लपलेली नाही कशावरून? तसं असेल तर हिचा पाचवा नंबरही गेला.

---

शून्यबाकी

शंका रास्त आहे. साच्यातून परिपूर्ण संख्या मिळतात हे युक्लिडने दाखवलं, सम असेल तर साच्यातलीच असते हे ऑयलरने. विषमांबद्दल दोघांचंही यातून काही निघत नाही. पण विषम परिपूर्ण संख्या असलीच तर ती १०^१५०० पेक्षा मोठी असली पाहिजे, हे २०१२ मध्ये ओशेम आणि राव यांनी सिद्ध केलंय. तेव्हा पाचवा नंबर पक्का.

---

घातांक

मी उशिरा आलो. तिसऱ्या थरासाठी माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. दुसरी जबरी आहे, म्हणून पहिली पटकन उरकतो.

पहिली. २^प − १ मध्ये प च्या जागी पुन्हा तशीच मूळ संख्या घालत गेलं तर? प = ३ घातला की ७, मूळ. प = ७ घातला की १२७, मूळ. प = ३१ आणि प = १२७ ला येणाऱ्या संख्याही मूळ. आता प = ८१९१ घाला. २^८१९१ − १ मूळ नाही, हे १९५३ मध्ये संगणकावर ठरलं. पहिल्या चार परिपूर्ण संख्यांचे ३, ७, ३१, १२७ हे अवयव या कसोटीला उतरतात, पाचवीचा पहिल्यांदा फसतो. निकोमाकसचा नियम मोडणारी संख्या इथेही नियम मोडूनच गेली.

दुसरी. रात्रपाळीने वर ८१९१ चे वर्ग देताना ९० वापरला. तो ९० साधासुधा नाही.
८१९१ = ९०² + ९० + १

म्हणजे ९० च्या पायात ८१९१ लिहिली तर १११. दोनाच्या पायात तेरा एक, नव्वदाच्या पायात तीन एक. दोन वेगवेगळ्या पायांत, दोन्हीकडे किमान तीन अंक आणि सगळे अंक १, अशा संख्या आजवर दोनच माहीत आहेत: ३१ (दोनाच्या पायात १११११, पाचाच्या पायात १११) आणि ८१९१. तिसरी नाहीच, असं अनुमान गूरमाघतीघ या बेल्जियन गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलं. ते अजून सिद्ध झालेलं नाही.

---

हिशेबनीस

हे मला कुठल्याच यादीत दिसलं नव्हतं! पण तिरपागडा आता विचारणारच: हाही योगायोग नाही कशावरून? पुढच्या एखाद्या परिपूर्ण संख्येत पुन्हा असंच दिसलं तर?

---

तिरपागडा

विचारणारच होतो. विचारतो. :)

---

घातांक

नाही दिसणार. हे अनुमान नाही, सिद्ध झालेलं आहे, आणि रस्ता रामानुजनकडून जातो.

समजा २^प − १ = क² + क + १. दोन्ही बाजूंना ४ ने गुणा:
२^(प+२) − ४ = ४क² + ४क + ४ = (२क + १)² + ३
म्हणून २^(प+२) − ७ = (२क + १)².

दोनाच्या कुठल्या घातातून ७ वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरतो? रामानुजनने १९१३ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता. घातांक ३, ४, ५, ७ आणि १५, या पाच ठिकाणी उत्तर मिळतं, आणखी कुठे मिळतं का? १९४८ मध्ये नॉर्वेच्या नागेलने सिद्ध केलं की नाही, एवढेच पाच. वर्गमूळं अनुक्रमे १, ३, ५, ११ आणि १८१.

शेवटचं पडताळून बघा: २^१५ − ७ = ३२७६८ − ७ = ३२७६१ = १८१². इथे प + २ = १५, म्हणजे प = १३. आणि २क + १ = १८१, म्हणजे क = ९०. तीच आपली संख्या!

घातांक ३ ला प = १ येतो, त्याचा इथे उपयोग नाही. उरलेल्या चारांतून प = २, ३, ५, १३, म्हणजे ६, २८, ४९६ आणि ३३५५०३३६. ८१२८ मध्ये हा गुण नाही. आणि ३३५५०३३६ नंतर कितीही परिपूर्ण संख्या सापडू देत, मूळ अवयव क² + क + १ या रूपातला असणारी ही शेवटची. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ पासून होणारी परिपूर्ण संख्या आठ कोटी वीस लाखांहून जास्त अंकांची आहे, तरी तिच्या नशिबी हे नाही.

---

अवयवी

__/\__

२^१५ − ७ माहीत होतं, ८१९१ माहीत होती. दोन्ही एकाच वाक्यात कधी आल्या नव्हत्या. याला जोडून: ४०९५ = ९० × ९१ ÷ २, म्हणजे ४०९५ त्रिकोणी. ८१९१ = २ × ४०९५ + १ लिहिलं की वरचं समीकरण पुन्हा समोर येतं.

---

तिरपागडा

ठीक आहे, 'काहीही उरत नाही' मागे. एक उरलं. पण एकच हं.

---

निवांत

रुमाल उचलतो. मला समीकरणांपेक्षा खेळ आवडतात, म्हणून एक विचारतो. या संख्येपेक्षा लहान कुठलीही संख्या हिचे विभाजक एकेकदाच वापरून बेरजेने बनवता येते असं वाचलंय. खरंच कुठलीही?

---

अवयवी

कुठलीही. साच्यातल्या बऱ्याच संख्यांना जमतं, तोतयालाही, त्यामुळे तिसऱ्या थरात धरू नका. द्या एखादी.

---

निवांत

एक कोटी.

---

अवयवी

१,००,००,००० ला ८१९१ ने भागा: भागाकार १२२०, बाकी ६९८०. दोन्हींचे दोनाच्या घातांत तुकडे करा.
१२२० = १०२४ + १२८ + ६४ + ४
६९८० = ४०९६ + २०४८ + ५१२ + २५६ + ६४ + ४

पहिल्या ओळीतल्या चौघांना ८१९१ ने गुणा, दुसरी ओळ आहे तशी ठेवा. ८३,८७,५८४ + १०,४८,४४८ + ५,२४,२२४ + ३२,७६४ + ४०९६ + २०४८ + ५१२ + २५६ + ६४ + ४. दहा विभाजक, एकही दोनदा नाही.

---

निवांत

मिळवून पाहिलं, बरोबर एक कोटी. आता ३,३५,५०,३३५ करून दाखवा.

---

नवखी

ते मी सांगते! स्वतःला सोडून सगळे विभाजक घ्यायचे आणि त्यातला १ तेवढा वगळायचा.